हओ अम्मा, आई

रामकली समोरच्या क्वार्टरमध्ये कामाला लागली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं नि माझं भांडण झालं. तिने इंदुकाकूंच्या धुतलेल्या चादरी जिन्याच्या कठड्यावर वाळत घातल्या होत्या आणि त्यांचं पाणी माझ्या उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीवर ठिबकत होतं. मी मराठीतून तोंड सोडलं. मग लक्षात आलं की बाईला मराठी येत नाही, तेव्हा तेच सगळं पुन्हा हिंदीतून सुनावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हओ भाभीजी, अचार उठा लो. चद्दर तो यहीं सूखेगी, धूप यहीं आती है."

मी बरणी उचलली. तो तिचा ताठा मला आवडला, हे तेव्हा कबूल केलं नाही एवढंच. भोपाळच्या आमच्या तुलसी नगरात सरकारी क्वार्टरांच्या दारातून कामाच्या बाया खालमानेने ये-जा करतात आणि त्यांना तसंच ठेवण्यात आम्हा बायकांना मोठा पुरुषार्थ वाटतो. ही मात्र गोविंदपुऱ्यामागच्या वस्तीतून मॅजिक व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून यायची, सेकंड स्टॉपला उतरायची आणि जिना चढतानाच मोठ्याने बोलायला लागायची. "आ गई अम्मा, आ गई, दरवाजा खोलती हूं, चप्पल उतारती हूं." मला वाटायचं, काय ही कटकट! पुढे कळलं की ती तिची कामाची रीत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर एकदम जायचं नाही, तो दचकतो. आधी आवाज जायला हवा, माणूस मागून.

समोरचं क्वार्टर योगिनी डोंगरेचं. योगिनी मंत्रालयात अधिकारी आहे, पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. इंदुकाकू, म्हणजे इंदुमती डोंगरे, तिची आई. काका साताऱ्याहून इथे कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. काकू मात्र कधी इथल्या झाल्या नाहीत. भोपाळच्या दोन पिढ्यांच्या मराठी पोरांना त्यांनी रविवारी घरी बसवून मराठी शिकवलं. पोरगं "पानी" म्हणालं की त्याच्याकडून "पाणी" वदवून घेतल्याशिवाय खाऊ मिळायचा नाही. घरात हिंदी शब्द उच्चारला की योगिनीला आणि तिच्या भावाला दंड म्हणून संध्याकाळचा खेळ बंद. मी ग्वाल्हेरची, माझ्या बोलण्यात निम्मी हिंदी. काकू मला तोंडावर म्हणायच्या, "वसुधा, तुझं मराठी म्हणजे भेसळीचं दूध आहे."

अशा बाईचं सगळं हळूहळू पुसलं गेलं. आधी गॅसवर काय ठेवलंय ते, मग वार, मग काका गेल्याचं. योगिनीचा भाऊ पुण्याहून फोनवर तोंड दाखवायचा, त्याला त्या टीव्हीतला माणूस समजून नमस्कार करायच्या. मग एके दिवशी योगिनी ऑफिसमधून आली तर काकूंनी पदर सावरून विचारलं, "आपण कोणाकडच्या?" योगिनीने हे मला हसत हसत सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ती आमच्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

सांभाळायला बायका येत आणि जात. कुणाला डायपरची किळस, कुणाला काकू चावल्या. आणि मग रामकली आली. नवरा केव्हाच दुसरीकडे नांदायला गेलेला, एकुलती मुलगी विदिशेला दिलेली. आयुष्यभर तिने हेच केलं होतं: लोकांचे म्हातारे उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं. एका घरात तर दोन्ही पाय गेलेला तरुण मुलगा होता, त्याचं सगळं तिने त्याचं लग्न ठरेपर्यंत केलं आणि लग्नात तिला बोलावलं नाही. हे ती अगदी सहज सांगायची. राग मला यायचा. पोळी करता करता मी म्हणायची, "तुमको गुस्सा नहीं आता?" ती म्हणायची, "आता है न. पर किस पे करें, भाभीजी? काम छूट जाएगा."

आता त्या शब्दाकडे येते.

दुपार कलली की इंदुकाकू हाक मारायला लागायच्या. "आई! आई गं!" साताऱ्याच्या घरात मागच्या दारी त्यांची आई असणार, विहिरीवर किंवा गोठ्यात, आणि ही पोर तिला हाक मारत असणार. आधीच्या बायका "क्या है?" म्हणत, किंवा लक्षच देत नसत. रामकली स्वयंपाकघरातून ओरडायची, "हओ अम्मा, आई!"

आणि काकू गप्प व्हायच्या. चेहरा निवळायचा. रामकली भाताची वाटी घेऊन आत गेली की शहाण्या मुलीसारखं तोंड उघडायच्या.

मी समोरून हे रोज ऐकत होते आणि मला वाटायचं, बाई हुशार आहे, आई म्हणजे काय ते शिकली आणि म्हातारीचं मन राखते. एकदा दुपारी ती साखर मागायला आली तेव्हा मी विचारलं, "अम्मा तुमको क्या कहके बुलाती हैं?"

"बुलाती कहां हैं, पूछती हैं," रामकली म्हणाली. "पूछती हैं, आई? आई कि नहीं आई? तो मैं बता देती हूं, हां अम्मा, आई."

मी साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. तिला बिचारीला पत्ताच नव्हता. एक जण मराठीत आईला हाक मारत होती, दुसरी हिंदीत आल्याची वर्दी देत होती, आणि दोघींचं अगदी छान जुळलं होतं. मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात ती पुढे बोलली.

तिची स्वतःची आई बेगमगंजकडच्या गावात आजारी पडली तेव्हा ती भोपाळातच, कोलारला, एका बाबूजींकडे दिवसरात्रीच्या ड्युटीवर होती. निरोप आला. बाबूजींच्या घरचे म्हणाले, दुसरी बाई मिळू दे, मग जा. दुसरी बाई मिळायला वेळ लागला. ती त्या बाबूजींची पाठ पुसत राहिली, त्यांना कुशीवर वळवत राहिली, आणि गावात तिची आई दारावर कुणीही आलं की विचारत राहिली, "आई? रामकली आई?" भावजय म्हणायची, नहीं आई. रामकली पोचली तेव्हा अंगण सारवून झालं होतं. "भौजी ने बताया, आखिर तक यही पूछती रही, आई क्या," ती म्हणाली. "अब कोई पूछे न भाभीजी, कि आई, तो मुझसे चुप नहीं रहा जाता. लगता है, चलो, अम्मा को जवाब तो मिल रहा है. देर से सही."

तिने पदराने नाक पुसलं, साखर घेतली आणि गेली. मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला नाही. काय म्हणून सांगायचा? एका चुकीच्या ऐकण्यावर दोन म्हाताऱ्या आयांची सोय होत होती, एक जिवंत आणि एक मेलेली. अजूनही मला वाटतं की मी गप्प राहिले ते बरोबर केलं.

योगिनीला हे ऐकू येत नव्हतं असं नाही, पण ती दिवसभर ऑफिसात. रविवारी घरी असली की काकूंच्या हाकेला स्वतः धावायची, आणि काकू तिला म्हणायच्या, "आपण बसा ना." आईने आपल्याला "आपण" म्हणावं, यासारखी चपराक नाही. योगिनी निमूट बसायची.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. काकूंच्या घरचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे एके काळी मराठी मंडळाचा सोहळा असायचा. या वर्षी योगिनीने हट्टाने केलं. गौर मांडली, कैरीची डाळ केली, पन्हं केलं, कलिंगडाचं कमळ कापलं. काकूंना जांभळी इरकल नेसवून खुर्चीत बसवलं. नेसवली अर्थात रामकलीने, आणि साडी सुटू नये म्हणून ती खुर्चीमागे उभी होती. मंडळाच्या बायका आल्या. पुढे मधुरा देशपांडे, मंडळाच्या अध्यक्ष, जिथे जातील तिथे फोटो काढणाऱ्या.

योगिनीने आईसमोर पन्ह्याचा पेला धरला. "आई, घे ना. कैरीचं आहे, तुला आवडतं."

काकूंनी मान फिरवली. मागे हात नेऊन रामकलीचा पदर घट्ट धरला आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाल्या, "आई, या बाईंना जायला सांग. या मला चिमटे काढतात."

हातातल्या बशा हातात राहिल्या. आणि रामकली, जिला त्यातला फक्त एक शब्द कळला होता, वाकून प्रेमाने म्हणाली, "हओ अम्मा, आई. यहीं हूं न."

"अगंबाई!" मधुरा देशपांडे म्हणाल्या. "कामवालीला आई म्हणतात होय?" आणि तोंडावर रुमाल धरला. मला त्या क्षणी तो पन्ह्याचा पेला त्यांच्या पैठणीवर ओतावासा वाटला. योगिनीने मात्र काहीच दाखवलं नाही. सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, जिन्यापर्यंत पोचवायला गेली. तोवर रामकलीने काकूंना आत नेऊन निजवलं. मी पेले विसळायला मागे थांबले होते म्हणून पुढचं मला पाहावं लागलं.

योगिनी परत आली, दार लावलं आणि रामकलीसमोर उभी राहिली. "आया हो तुम! आया! आई नहीं! मालूम है आई का मतलब? हमारे यहां मां को आई कहते हैं. मेरी मां से खुद को मां कहलवाती हो? क्या चाहिए तुमको? ये घर? गहने?"

रामकलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं आणि लगेच आवळलं गेलं. "मां?" ती म्हणाली. "मां को बुलाती थीं?"

"अगं, तिला ठाऊकच नव्हतं," मी मधे पडले. "तिला वाटायचं, काकू विचारतायत की ती आली का म्हणून. योगिनी, तिने मला स्वतः सांगितलंय."

"तुम्ही मधे पडू नका, वसुधाताई!" योगिनीचा आवाज चिरकला. "मला अहोजाहो करते आई. रोज मी तिला माझं नाव सांगते. रोज! नोकरी सांभाळून तिचं सगळं करतेय, आणि मी चिमटे काढणारी बाई? आणि ही, हिला साधा ळ म्हणता येत नाही, ही आई?"

तिचं चुकत होतं आणि तिचं खरंही होतं. योगिनीने रामकलीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

त्याच वेळी आतून काकूंनी हाक मारली, "आई!"

रामकलीचं तोंड उघडलं. मग तिने आपल्याच हाताने ते दाबून धरलं. आतून पुन्हा हाक आली, जरा घाबरलेली. रामकलीने कोपऱ्यातली पिशवी घेतली आणि जिना उतरली. त्या जिन्यात तिला गप्प मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मंडळाच्या ओळखीने योगिनीने मराठी बाई मिळवली. मालती नाव, पांढुर्ण्याची, एम. पी. नगरच्या कुठल्याशा एजन्सीतून शिकून आलेली, स्वच्छ, नीटनेटकी, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. योगिनी मला म्हणाली, "आता निदान आईची भाषा कळणारं माणूस आहे." आणि खरोखरच मालतीला भाषा कळत होती. तिथेच सगळा घात झाला.

दुपार कलली. काकूंनी हाक मारली, "आई! आई गं!"

मालती त्यांच्यासमोर जाऊन बसली, हात हातात घेतला आणि अगदी प्रेमाने, शुद्ध मराठीत म्हणाली, "आजी, तुमची आई वारली. खूप वर्षं झाली. तुम्ही आता भोपाळला आहात, मुलीकडे."

त्यानंतर जे रडणं उठलं ते मी आमच्या घरात पंखा मोठा करूनही ऐकत होते. आई आत्ताच्या आत्ता मेल्याचं रडणं होतं ते. थोड्या वेळाने काकू विसरल्या. पुन्हा हाक मारली. मालतीने पुन्हा सांगितलं. पुन्हा आई मेली. असं दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही, माझ्यात ती हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी जाऊन मालतीवर ओरडले, "अगं बये, नुसतं हो म्हण ना! आले म्हण!"

"खोटं कसं बोलू, काकू?" ती गोंधळून म्हणाली. "आम्हाला शिकवलंय. पेशंटला खरं तेच सांगायचं, म्हणजे भान राहतं." पोर वाईट नव्हती. तिला शिकवलं होतं तसं ती वागत होती.

मग काकूंचं रडणं थांबलं. हाकही जवळजवळ थांबली आणि जेवणही. भाताचा घास तोंडात तसाच राहायचा, मालती बोटाने काढायची. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल. काकूंच्या अंगात काही उरलं नव्हतं, नळी टिकली नसती हे सगळ्यांना दिसत होतं. त्या संध्याकाळी योगिनी माझ्या दारात उभी राहिली. "रामकली कुठे राहते, तुम्हाला माहीत आहे?"

गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांच्या शेड संपतात, त्यांच्या मागे तिची खोली. योगिनीची सरकारी गाडी आत जाईना, म्हणून आम्ही चालत गेलो. रामकली नुकतीच एका लकवा झालेल्या बाईकडून परतली होती. तिने खाट झटकून आम्हाला बसवलं आणि चहा ठेवला. योगिनीने माफी मागितली. नीट मागितली, तिला ते अवघड गेलं, पण मागितली. म्हणाली, "वापस चलो. वो खा नहीं रही हैं."

रामकली चहा गाळत होती.

"अब नहीं होगा, दीदी," ती म्हणाली. "पहले मुझे मालूम नहीं था. वो पूछती थीं, मैं बताती थी. अब वो अपनी मां को बुलाएंगी, और मैं कहूंगी, आई? मां के नाम का झूठ है. मुझसे नहीं होगा."

"झूठ ही सही," योगिनी म्हणाली. "मैं कह रही हूं न."

"आप कह रही हैं." रामकलीने कप तिच्या हातात दिला. "दीदी, आपने चोर समझा, वो मैं भूल जाती. सब समझते हैं. पर मैं इतने दिन से सोचती थी, मेरी अम्मा को जवाब मिल रहा है. आपने बता दिया कि वो मुझसे पूछ ही नहीं रही थीं. मेरा वो भी गया." तिने आपल्यासाठी चहा घेतला नव्हता. "चाय पी लो, ठंडी हो जाएगी."

योगिनी चहा प्यायली. मी पण. दुसरं काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी योगिनीने रजा घेतली. मालतीला सांगून ठेवलं की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी मऊ भात, साजूक तूप आणि मेतकूट घेऊन गेले. दुपार कलली. बऱ्याच वेळाने आतून, अगदी बारीक, हाक आली. "आई."

योगिनी धावत आत गेली. "आले गं, आले. ही बघ आले." मी दारातून पाहत होते. काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आपण कोण?" त्या म्हणाल्या. "आईला बोलवा."

योगिनी बाहेर आली. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ज्या घरात एका हिंदी शब्दाला खेळ बंद होत असे, त्या घरात वाढलेली मुलगी. आतून पुन्हा हाक आली. योगिनीने डोळे मिटले, घसा खाकरला आणि रामकलीचा आवाज काढला. तोच खेडवळ हेल, तेच ओरडणं.

"हओ अम्मा, आई!"

आत शांत झालं. मग प्रश्न यावा तसं, जरा आशेने, "आई?"

"हओ अम्मा! आई!"

तिने मला खूण केली. ती स्वतः आत जाऊ शकत नव्हती, तिचा चेहरा दिसला की सगळं फिसकटलं असतं. वाटी घेऊन मी गेले. काकूंनी तोंड उघडलं. घास गिळला. दुसरा गिळला. मग माझ्याकडे झुकून त्या हळूच म्हणाल्या, "आमची आई आली, बरं का. आत स्वयंपाक करतेय. तिचं काम आटपलं की येईल."

योगिनी स्वयंपाकघरातच थांबली.